‘करून राहिलो’चा रकाना

सोमवार, ७ जानेवारी १९६३. अकोला

आज मी नत्थुजींना हसले. तोंडावर नाही. ते चार मैलांवर कापसाच्या जिनमध्ये आणि मी ऑफिसात. पण हसले.

सकाळी साडेदहाला जिनचा फोन. माझ्या टेलिफोनच्या बोर्डावर त्या लाइनची झडप पडली, मी प्लग खोचला. इंजिन ड्रायव्हर नत्थुजी बोलत होते — "बाई, गाठी भरून राहिलो. सायबाले सांगजा." मी ते निरोपवहीत तसेच उतरवले. कोण बोलले, किती वाजता, काय म्हणाले — माझे काम तेवढेच. अमरावती-दर्यापूरच्या शाखांचे ट्रंक कॉल आणि आमच्या स्वतःच्या तारेवरून जिनचे फोन. बोललेले लिहायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे.

वही मॅनेजरसाहेबांकडे गेली. ते पुण्याचे. त्यांनी हॉलमध्ये येऊन मोठ्याने वाचले. "गाठी भरून राहिलो. अरे, गाठी भरल्या आणि हा राहिला कुठं? वॅगनमध्ये?"

सगळे कारकून हसले. एक अकोटचा, दोन मूर्तिजापूरचे. घरी गेले की तेही ‘जेवून राहिलो’च म्हणतात. आणि मी हसले. मी बडनेऱ्याची. माझे बाबा रेल्वेत गँगमन. मला बी.ए. होऊन आठ महिने झाले तरी ते लोकांना सांगतात, "जमुना शिकून राहिली."

हसताना बरे वाटले, हे जास्त वाईट. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच त्यांच्यातली वाटले.

गुरुवार, १० जानेवारी

‘गाठी भरीत आहेत’ असे लिहायला लागले होते. शुद्ध, व्याकरणात बसणारे. साहेबांनी आज त्यालाही लाल पेन्सिल लावली. "भरीत आहेत म्हणजे काय, मिस? भरल्या की नाही? शेठ मुंबईहून विचारतात तेव्हा मला हो किंवा नाही सांगावं लागतं."

नवी वही दिली. पानांवर छापील आकडे, शेवटी दोन रकाने — ‘झाले’ आणि ‘झाले नाही’. दर शनिवारी वही शेठकडे जाणार. पान फाडायचे नाही.

दुपारभर तीच भरली. अमरावतीहून — "ट्रक धाडून राहिलो." झाले. दर्यापूरहून — "सरकी मोजून राहिलो." झाले. एवीतेवी ते होणारच असते. खूण करायला बरे वाटते. पान कसे स्वच्छ दिसते.

मंगळवार, १५ जानेवारी

जिनच्या लाइनवर घुं घुं. भुंगा कपाटात कोंडल्यासारखे. नत्थुजींचा आवाज त्याच्या तळाशी कुठेतरी.

पुंजारामभाऊ आले. कंपनीचे लाइनमन. चाळिशीचे असतील. खाकी अर्धी चड्डी, कमरेला चामडी पट्टा, त्याला पक्कड. खरे तर आज त्यांच्याकडून धडाच मिळाला. आधी माझ्या बोर्डाची दोरी बदलली. घुं तसेच. प्लग चिंचेने घासला. तसेच. बॅटरीचे सेल बदलले. अंगणात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर बादलीभर पाणी ओतले — जमीन सुकली की लाइन कुरकुर करते म्हणे. तसेच.

"बिमारी इथं नाई, बाई. रस्त्यात हाय कुठंतरी."

मी म्हटले, "कशावरून?"

"जे जे इथं बिघडू शकते ते पाहून झालं. जे नाई ते काढत जायचं. शेवटी जे उरते ते होय. तुमच्या कॉलेजात नाई शिकवत का?"

"शिकवतात. त्याला तर्कशास्त्र म्हणतात."

"मंग मीबी बी.ए. झालो की."

सगळे चहाला गेले तेव्हा हळूच "जय भीम" म्हणाले. मग, जरा लाजून — "शनिवारी घरवालीले आणलं होतं. खिडकीतून पाहून गेली तुमाले. म्हटलं, पाय, आपली पोरगी बोर्डावर बसते."

मी शनिवारी खिडकीकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

शुक्रवार, १८ जानेवारी

सापडले!

तीन दिवस घुं कधी येते, कधी जाते याच्या वेळा टिपत होते. सकाळी आठपासून असते. बारा ते एक नसते. एकला पुन्हा सुरू. रोज तसेच. पुंजारामभाऊंना कागद दाखवला.

"लाइन जेवाले जाते का?" ते हसले. मग हसता हसता थांबले. "इंजिन."

बारा ते एक जिनचे इंजिन बंद असते. इंजिनवर डायनामो चालतो, त्याची विजेची तार कंपाउंडवरून जाते. दुपारी ते सगळी लाइन पायी चालत गेले. जिनपासून सातव्या खांबाशी आमची टेलिफोनची तार सैल पडून त्या विजेच्या तारेपासून वीतभरावर लोंबत होती. घुं येते म्हणजे इंजिन चालू आहे. घुं नाही म्हणजे बंद. इतके सोपे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. अमरावतीच्या ऑफिसातही बोर्ड बसणार आहे. "तुमच्यासारखी आणखी एखादी असेल तर सांगा." मी तिथल्या तिथे शालूचे नाव दिले. मी जिच्याकडे राहते त्या आत्याची शालू. मॅट्रिक झाली, दोन वर्षे घरी बसली आहे. आज जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत सर्वांना माहीत झाले आहे. आत्या म्हणाली, "एक पोरगी गेली म्हणून दुसरीले दार उघडलं."

दुरुस्ती सोमवारी अकराला; जेवणाच्या एका तासात उरकणार नाही. पद्धत मी आखून दिली, साहेबांनी सही केली. पुंजारामभाऊ खांबाखाली उभे राहून बांबूने तारेवर आकडा अडकवतील, त्यांचा हातातला फोन त्याला जोडतील. तार एकच, म्हणून घंट्यांची खूण — एक घंटी म्हणजे जिन, दोन म्हणजे पुंजारामभाऊ. नत्थुजींनी इंजिन बंद केल्याचे मला कळवायचे. मी वहीत नोंदवायचे. मी हुकूम दिल्यावरच खांबावर चढायचे. तोंडी गोंधळ नको.

नत्थुजींना फोनवर समजावले. म्हणाले, "हो पोरी. पण त्याले जरा धीर धरायले सांगजा. आमचं इंजिन काही सासुरवाशीण नाई, थांब म्हटलं की थांबाले. चाक पाच मिनटं फिरते."

सोमवार, २१ जानेवारी

पुंजारामभाऊ खांबावरून पडले. उजवा हात भाजला आहे. जिवंत आहेत.

मंगळवार, २२ जानेवारी

लिहून काढते. काय झाले ते क्रमाने.

अकरा वाजून दहा मिनिटे. जिनचा फोन. नत्थुजी. लाइनवर फार खरखर. ते म्हणाले, इंजिन बंद… पुढचे नीट ऐकू आले नाही. मी नोंदवले — ‘इंजिन बंद. झाले.’ दोन घंट्या दिल्या. पुंजारामभाऊंनी घेतला. मी म्हटले, "इंजिन बंद केले आहे. चढा." ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, बाई."

अकरा वाजून चौदा मिनिटांनी एक घंटी वाजतच राहिली. पलीकडे कोणीतरी नुसते ओरडत होते.

मी पद्धतीप्रमाणेच केले.

बुधवार, २३ जानेवारी

चौकशी. साहेबांच्या केबिनमध्ये मी, नत्थुजी आणि हेडक्लार्क. पुंजारामभाऊ सरकारी दवाखान्यात.

नत्थुजी टोपी हातात घेऊन उभे होते. साहेबांनी विचारले, "तुम्ही फोनवर नेमके काय शब्द बोललात?"

"मी म्हटलं, इंजिन बंद करून राहिलो. पुंजारामले सांगजा."

"करून राहिलो म्हणजे बंद केलं होतं?"

"नाई जी. बंद करून राहिलो होतो. मशिनीचा पट्टा उतरवला, चाक फिरत होतं, डायनामोबी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "मिस, तुम्ही इथल्या. शिकलेल्या. या ‘करून राहिलो’चा अर्थ काय होतो? केले की करीत आहे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटले, "दोन्ही होऊ शकतो."

नत्थुजींनी मान वर केली. रागाने नाही. एखाद्याने आपले नावच चुकीचे सांगावे तसे पाहिले. "पोरी," ते म्हणाले, "तू तं बडनेऱ्याची ना?"

साहेबांनी त्यांना गप्प केले. मग मला, "लाइनवर खरखर होती?"

"होती."

हे खरे आहे. खरखर होती.

शुक्रवार, २५ जानेवारी

हेडक्लार्क दवाखान्यात जाऊन पुंजारामभाऊंचा जबाब घेऊन आले. उजव्या हाताला पट्ट्या, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यांना सही येते. रात्रशाळेत शिकले होते, मला एकदा दाखवलीही होती — ‘पुं’वरचे टिंब फार मोठे काढतात.

जबाब असा — ‘मी बोर्डाच्या हुकमाची वाट न पाहता आपल्या मनाने चढलो. यात कोणाचा दोष नाही.’

साहेब म्हणाले, "सुटलो. नत्थुजी सुटला, तुम्ही सुटलात."

मला हायसे वाटले. लिहायलाच हवे. दोन्ही खांदे खाली आले, इतके हायसे वाटले. मग बोर्डापाशी बसले आणि आठवले — "बरं, बाई." ते त्यांनीच म्हटले होते. मी हुकूम दिला होता, त्यांनी घेतला होता. मग असे का लिहून दिले? वेदनेत आठवले नसेल. औषधाची गुंगी असेल.

असेलच.

रविवार, २७ जानेवारी

शालूने चुलीपाशी पाटावर सहा बटणे मांडली आहेत. दोऱ्याचे टोक एका बटणावरून दुसऱ्यावर नेते. "नमस्कार. अमरावती ऑफिस. कोणाशी बोलायचं आहे?" आत्या भाकरी थापता थापता म्हणते, "मले पुंडलिकबाबाच्या देवळाशी जोडून दे." शालू म्हणते, "लाइन बिझी हाय." दोघी हसतात.



मंगळवार, २९ जानेवारी

मला ऐकू आले होते.

खरखर होती, पण शब्द ऐकू आला होता. ‘करून राहिलो.’ जन्मल्यापासून ऐकते आहे. आई चुलीशी बसून "येऊन राहिली, येऊन राहिली" म्हणायची तेव्हा ती आलेली नसायची, हे मला तिसऱ्या वर्षी कळत होते. सोमवारीही कळले. कळूनच मी ‘झाले’वर खूण केली. रोजच्यासारखी. ट्रक, गाठी, सरकी, इंजिन. माझ्या वहीत दोनच रकाने. जे होऊन राहिले आहे, त्याला रकाना नाही. रकाना नव्हता म्हणून मी माणूस खांबावर चढवला.

‘दोन्ही होऊ शकतो.’ हे तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. ते नुसते खोटे.

गुरुवार, ३१ जानेवारी

दवाखान्यात गेले. सुटीच्या दिवशी जाऊ, उद्या जाऊ, असे दहा दिवस केले. आत्या म्हणाली, "आपल्या माणसाले पाहाले इतका मुहूर्त लागते का?" म्हणून गेले. तिच्यासोबत.

पुंजारामभाऊंची बायको मनकर्णाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या. लोक साहेबांसमोर राहतात तशा. पदर सारखा केला. म्हणाल्या, "तुमीच ना? मी पाह्यलं होतं तुमाले. खिडकीतून."



आत बरेच लोक होते. उजवा पाय लाकडी पट्ट्यांत. उजव्या हाताची दोन बोटे कापली आहेत — तर्जनी आणि मधले. पक्कड धरायची ती बोटे. मला पाहून हसले. विचारले काय, तर — "घुं गेलं का?"

"गेले," मी म्हटले. "दुसऱ्या माणसाने तार ओढून घेतली."

"मंग बेस झालं. तुमच्या कानाले तरास होता."

नमस्कार केला, निघाले.

घुं. ते अजून लिहिले नाही मी इथे. या पानालाही सांगितले नाही.

मी पुंजारामभाऊंना "चढा" म्हटले तेव्हा घुं चालू होते. माझ्या कानात चालू होते. घुं आहे म्हणजे इंजिन चालू आहे — हे शोधून काढले ते मीच. तीन दिवस वेळा टिपून. कानात ते वाजत होते, डोळ्यांसमोर ‘झाले’वर केलेली खूण होती. मी खुणेवर विश्वास ठेवला.

सोमवार, ४ फेब्रुवारी

पुंजाराम लाइनमन यांना हलगर्जीपणाबद्दल कामावरून कमी केल्याचा कागद आज निघाला. निरोप म्हणून तो दवाखान्यात कळवायचे काम बोर्डाकडे आले. म्हणजे माझ्याकडे.

मी दवाखान्याला फोन लावला नाही. साहेबांना सांगितले, लाइन लागत नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

कागद लिहून साहेबांकडे नेला. काय ऐकले, काय लिहिले, चौकशीत काय खोटे सांगितले. घुंसकट सगळे. त्यांनी उभ्यानेच वाचला. दार लावून घेतले.

"तुम्ही थकला आहात."

"नाही."

"त्याने स्वतः लिहून दिलंय की तो हुकमाशिवाय चढला. तुमचा हा कागद मी घेतला तर तो खोटा ठरतो, तुम्ही खोट्या ठरता आणि मीही. त्या रकान्यांवर सही माझी आहे." मग आवाज उतरवून — "अमरावतीच्या मुलीचं नेमणुकीचं पत्र टाइप होऊन पडलंय. शेठ बाईमाणसाला बोर्डावर बसवायला तयारच नव्हते. मी भांडलो. तुमच्या जिवावर भांडलो. आता सांगू का, की पहिल्याच बाईने माणूस मारायला घेतला होता?"

कागद घडी करून माझ्या हातात दिला. ते वाईट माणूस नाहीत. तसे असते तर सोपे गेले असते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

शालूला सांगितले. मागच्या पायरीवर बसून, सगळे. वाटले होते रडेल. रडली नाही. बटणे गोळा करून डबीत टाकली.

"मंग तू सांगून मोकळी होशील. अन् मी?"

मी म्हटले, "त्यांची दोन बोटं गेली, शालू. वर नावही जाणार. हलगर्जी म्हणून. दुसरीकडे कोण घेईल त्यांना?"

"मलेबी कोण घेईन आता?"

उठताना म्हणाली, "इतकी बी.ए. झाली अन् तुले आपलीच भाषा समजली नाई." टोमणा होता. पण त्यात एक अक्षरही चूक नव्हते.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज वही शेठकडे जायची. पानांवर छापील आकडे आहेत, फाडता येत नाहीत. साहेबांनीच घातलेला नियम.

साडेतीनला शेवटची नोंद केली. शाईने.

‘दि. २१ जानेवारी, ११ वा. १० मि. या नोंदीत दुरुस्ती. नत्थुजींचे शब्द — इंजिन बंद करून राहिलो. अर्थ एकच होतो — अजून बंद केलेले नाही. ते मला स्पष्ट ऐकू आले होते. लाइनवर इंजिनचा आवाज चालू होता. तरी चढण्याचा हुकूम मी दिला. लाइनमन हुकमावरूनच चढले. चौकशीत मी सांगितलेला अर्थ खोटा. चूक बोर्डाची. — जमुना डोमाजी वानखडे.’

शेवटच्या दोन रकान्यांत खूण केली नाही. मधल्या रेघेवर लिहिले — ‘होऊन राहिले आहे’.

वही हेडक्लार्कच्या पिशवीत गेली. साहेब जिनवर गेले होते.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

शेठचा मुंबईहून ट्रंक कॉल. जोडला मीच. साहेबांना लाइन दिली आणि कानावरचा फोन काढून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा वाटले, ऐकावे. ऐकले नाही.

पाऊण तासाने निकाल. पुंजारामभाऊंचा कागद रद्द. बरे झाले की जिनच्या फाटकावर, बसून करायचे काम. नत्थुजींचा दोष नाही. मी महिनाअखेरीस मोकळी. अमरावतीच्या बोर्डावर पुरुष नेमायचा.

साहेब एवढेच म्हणाले, "शेठनी विचारलं, रकाने कोणी आखले." पुढे काय उत्तर दिले ते सांगितले नाही. चष्मा पुसत राहिले.

नत्थुजींचा दुपारी फोन आला. एक घंटी. "पोरी, गाठी भरून राहिलो." मी तसेच उतरवले. ते थांबले होते. मग म्हणाले, "जेवली का?" एवढेच. मी हुंदका गिळला, त्यांना ऐकू गेला असेल. आता लाइन स्वच्छ आहे.

बाबांना अजून कळवले नाही. पत्राचा मायना तेवढा लिहून ठेवला आहे.

शालू बोलत नाही. पण रात्री माझे ताट तिनेच वाढले.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पुंजारामभाऊंना सांगायला गेले. कोणी सांगण्याआधी आपण सांगावे म्हणून. आज वॉर्डात ते एकटेच होते. वाटले होते, ऐकून त्यांना धक्का बसेल. ते चिडले.

"तुमाले सांगायले कोणं म्हटलं होतं? माही बोटं तं गेलीच होती. तुमची खुर्ची कायले घालवली? अन् त्या दुसऱ्या पोरीची?"

मला समजेना. म्हटले, "पण तुम्हाला माहीत नव्हतं. मी चुकीचं सांगितलं होतं."

"माईत होतं." त्यांनी डाव्या हाताने पांघरूण सारखे केले. "फोन माह्या कानालेच होता, बाई. तार एकच. नत्थुजी ‘करून राहिलो’ म्हणे, ते मले ऐकू आलं. घुंबी ऐकू येत होतं."

"मंग चढले काहून?" माझ्या तोंडून निघाले.

"तुमी ‘केलं’ म्हटलं ना. म्हटलं, आपली पोरगी बी.ए. हाय. माह्या कानाले तिच्याहून जास्त समजते का?"